नवी पेठेतलं कॅसेट कन्व्हर्ट करणारं दुकान: चित्रापेक्षा आवाजासाठी जा

५ पैकी ४ स्टार. एक कापलाय तो फक्त वेळेसाठी, कारण हे अण्णा एक कॅसेट घेऊन बसले की बसले, तुम्ही कितीही फोन करा, "होतंय ओ ताई, आवाज बघायलोय" एवढंच ऐकायला मिळतं. पण खरं सांगू का, जुन्या व्हीएचएस कॅसेट पेनड्राइव्हवर करून देणारे सोलापुरात अजून सापडतात, फोटो स्टुडिओवाले साइडला करतात, मोबाइलवाले बाहेर पाठवून करून आणतात, आणि सगळे चित्र तेवढं बघतात, आवाज कुणी ऐकत नाही. हा माणूस आधी हेडफोन लावतो. माझ्या मते पैसे द्यायचेच असतील तर ह्या हेडफोनचे द्यावेत.

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, त्यांनीच सांगितलं की गर्दी नको, एकटा माणूस आहे. नवी पेठेत मोबाइल कव्हरवाल्यांच्या रांगेमागच्या बोळात, टीव्ही रिपेअरिंगचा जुना बोर्ड आहे, कॅसेटचं त्यावर काही लिहिलेलं नाही. आत जायला जागा नाही, बाहेर स्टुलावर बसायचं. तीन तासांच्या कॅसेटचे ४०० रुपये घेतले, स्टुडिओवाल्यापेक्षा जास्त आहेत, पण पुढचं वाचा मग ठरवा.

आमच्या कॅसेट आधी दुसरीकडे दिल्या होत्या. आत्याचं १९९६ चं लग्न, आणि मोठ्या काकांनी हौसेनं शूट केलेली गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची एक. पेनड्राइव्ह आला, टीव्हीला लावला, चित्र बरं होतं, जुनं आहे म्हणून चालवून घेतलं. आवाजाचं मात्र पार वाटोळं. एक तर हेडफोन लावला की फक्त डाव्या कानात येतोय, वर सतत घूंऽऽ अशी घरघर, आणि जेवणावळीपर्यंत पोचेस्तोवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. तक्रार केली तर उत्तर काय, "कॅसेटच जुनी आहे मॅडम, आवाज असाच येणार." हे वाक्य कुणी ऐकवलं ना, की कॅसेट उचलायच्या आणि दुसरं दुकान बघायचं. ह्यातल्या तिन्ही गोष्टींचा कॅसेटच्या वयाशी काडीचा संबंध नव्हता, हे नंतर कळलं.

अण्णांनी तो पेनड्राइव्ह लावून ऐकला, अर्धा मिनिटसुद्धा नसेल, आणि म्हणाले, "एका कानाचं आहे ते वायरचं आहे, घरघर आहे ती चार्जरची आहे, ओठाचं आहे ते जरा बघावं लागंल."

एका कानाचं सोपं आहे. आपल्याकडे घरोघरी जे व्हीसीआर आणि व्हीसीपी, म्हणजे कॅसेट लावायची मशीन, होते ते बहुतेक मोनो, मागे पिवळी एक पिन चित्राची आणि पांढरी एकच पिन आवाजाची. कॅप्चर डाँगलला, म्हणजे व्हीसीआरचं चित्र-आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या छोट्या यूएसबी वस्तूला, मात्र पिवळी, पांढरी, लाल अशा तीन. लाल रिकामी राहिली की उजवा कान मुका. एकाच्या दोन करणारी वाय पिन मिळते किरकोळ पैशात, ती लावली की झालं. आणि फाइल आधीच तशी बनून आली असेल तर परत कॅसेट चालवायचीसुद्धा गरज नाही, ऑडासिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ट्रॅक तोडून दोन करायचे, रिकामा उडवायचा, राहिलेला मोनो ठेवायचा, दोन्ही कानात येतो. दोन्ही ट्रॅक एकत्र मिसळू मात्र नका, रिकाम्या बाजूची खरखर पण त्यात येते आणि आवाज निम्म्यावर उतरतो.

घरघरीसाठी त्यांनी जे करून दाखवलं ते मला फार आवडलं, कारण घरी कुणालाही जमेल. कॅसेट चालू असताना घरघर येतेय ना, मग कॅसेट स्टॉप करा आणि ऐका. थांबवल्यावरही येत असेल तर ती कॅसेटमध्ये नाहीच, ती विजेची आहे, आपल्या लाइनचे ५० हर्ट्झ, व्हीसीआरचा प्लग एकीकडे, लॅपटॉपचा चार्जर दुसरीकडे, मधे ऑडिओची वायर, अर्थिंगचं चक्र पूर्ण होतं आणि घूंऽऽ सुरू. त्यांनी लॅपटॉपचा चार्जर उपसला आणि घरघर जागच्या जागी बंद. म्हणजे लॅपटॉप फुल चार्ज करून बॅटरीवर रेकॉर्डिंग करायचं, बास. तीन तास बॅटरी टिकत नसेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते, कारच्या म्युझिक सिस्टिमवाल्यांकडे असते, ती वायरीत मधे टाकायची. व्हीसीआरच्या मागे टीव्हीची केबल अजून खोचलेली असेल तर ती पण काढा. आणि कॅसेट थांबवल्यावर घरघर गेली, तर मात्र दोष टेपमध्ये किंवा हेडमध्ये, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागात आहे, तिथं वेगळा इलाज.

आता खरी गंमत. मला आयुष्यभर वाटत होतं की व्हिडिओ कॅसेटमध्ये आवाज एकच असतो. दोन असू शकतात! टेप साधारण १२.७ मिलिमीटर रुंद, म्हणजे अर्धा इंच, त्यात आवाज वरच्या काठावर एका बारीक पट्टीत असतो, ह्याला लिनिअर म्हणतात, प्रत्येक व्हीएचएसमध्ये हा असतोच. पाल ही आपल्याकडची टीव्हीची सिस्टिम, तिच्यात टेप सेकंदाला २.३४ सेंटिमीटर सरकते, गाण्यांची साधी ऑडिओ कॅसेट ४.७६ सरकायची, म्हणजे साधारण निम्मा वेग, त्यामुळे हा लिनिअर आवाज मुळातच दबका. दुसरा असतो हाय-फाय, तो फिरणाऱ्या ड्रमवरची हेड लिहितात, टेपच्या जाडीत खोलवर, त्याच्या वरच्या थरात चित्र. हा प्रत्येक कॅसेटमध्ये नसतो, रेकॉर्ड करणारं मशीन हाय-फाय असेल तरच. पण असला तर काय स्वच्छ असतो! आणि तो वाजवायला व्हीसीआर पण हाय-फायच लागतो, साध्या मोनो मशीनला तो दिसतच नाही.

आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये ह्याचा फार मोठा फरक पडतो, का ते सांगते. त्या काळी शूटिंगवाले काय करायचे, सगळं झालं की वरून गाणी चढवायचे, हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला ठरलेलं रडकं. ह्याला ऑडिओ डब म्हणायचे. पण ऑडिओ डबमध्ये फक्त काठावरची लिनिअर पट्टी पुसून नवीन भरता येते, हाय-फाय चित्राच्या खाली गाडलेला असल्यामुळे त्याला हात लावायचा म्हणजे चित्रच पुसावं लागेल. म्हणजे मशीन हाय-फाय असेल आणि गाणी अशी वरून चढवली असतील, तर खाली मूळ आवाज तसाच पडलेला असतो.

अण्णांनी आत्याची कॅसेट त्यांच्या हाय-फाय मशीनमध्ये टाकली, पाठवणीचा सीन, शहनाई चालूय. रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबलं, स्क्रीनवर कोपऱ्यात 'नॉर्म' (म्हणजे लिनिअर) होतं ते 'हाय-फाय' झालं, शहनाई कापल्यासारखी गेली आणि आजीचा आवाज आला, "अगं पिशवीत शेंगाचटणी ठेवलीय, सांडू देऊ नको." मी स्टुलावरून उठलेच. आमच्याकडे आजीचा आवाज दुसरा कुठंच रेकॉर्ड नाही. स्टुडिओवाल्याने मोनो मशीनवर केलं होतं, त्याला हे मिळणं शक्यच नव्हतं, आणि त्याने विचारलं पण नाही. आता माझ्याकडे एकाच लग्नाच्या दोन ऑडिओ ट्रॅकच्या फाइल आहेत, गाण्यांची वेगळी, खऱ्या आवाजाची वेगळी. आत्याला गाण्यांची आवडते, हे पण लिहून ठेवते 😄

(सगळ्यांच्या कॅसेटमध्ये हे निघेल असं नाही हां. गाणी मिक्सरमधून घालून मग कॉपी काढलेली असेल तर दोन्ही ट्रॅकवर गाणीच असतात. पण बटण दाबून बघायला काय जातंय.)

हाय-फायचा एक नखरा आहे. ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नेमकं बसणं, जरा हललं की त्यात टर्रर्र असा आवाज येतो, किंवा मशीन स्वतःच लिनिअरवर उडी मारतं आणि परत येतं, म्हणजे बोलणं मधेच स्वच्छ, मधेच दबकं, परत स्वच्छ. असं होत असेल तर ऑटो ट्रॅकिंगवर विसंबायचं नाही, हाताने ट्रॅकिंग फिरवायचं आणि हे कानाने करायचं, डोळ्याने नाही, कारण चित्र जिथं सगळ्यात छान दिसतं तिथंच आवाज सगळ्यात छान असेल असं नाही. अगदीच नाही जमलं तर लिनिअरवर फिक्स करून टाकायचं, दबका पण एकसारखा तरी येतो. 'मिक्स' हा पर्याय अण्णा वापरत नाहीत, दोन्ही आवाज एकावर एक चढतात, गाणं पण आणि बोलणं पण.

गड्ड्याच्या कॅसेटचं दुखणं वेगळं होतं. काकांचा कॅमेरा मोनो, त्यामुळे हाय-फायचा प्रश्नच नाही, आणि आवाज असा की उशी तोंडावर धरून बोलतायत. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे यात्रेतलं प्रतीकात्मक लग्न आहे, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सातही नंदीध्वज (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या) दिसतात, पण संमतीचं, म्हणजे त्या लग्नाच्या मंत्रांचं वाचन ऐकूच येत नाही. अण्णांनी मशीनचं झाकण उघडलं, ड्रमच्या उजवीकडे जे आवाजाचं छोटं हेड असतं त्याच्या स्क्रूवर आधी व्हाइटनरचा ठिपका दिला, म्हणजे मूळ जागा कुठली ते कळावं, आणि मग बारक्या स्क्रू ड्रायव्हरने केसभर केसभर फिरवायला लागले, डोळे मिटून, हेडफोनवर हात. ह्याला अझिमथ म्हणतात, कॅमेऱ्याच्या हेडचा तिरपेपणा आणि ह्या मशीनच्या हेडचा तिरपेपणा जुळला नाही की वरचे सूर, स श च वगैरे सगळे गळून जातात. फिरवता फिरवता एका जागी आधी टेपची सळसळ वाढली, आणि पाठोपाठ "सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम" स्पष्ट. मला हेडफोन दिला तेव्हा मागच्या गर्दीतलं एक पोरगं आईकडे फुगा मागतंय ते पण ऐकू येत होतं. काम झाल्यावर स्क्रू परत ठिपक्यावर. हे घरी करू नका असं त्यांनी दोनदा बजावलं, बाजूचा दुसरा स्क्रू फिरला तर मशीन कुठलीच कॅसेट नीट वाजवत नाही.

पण तिथंच एक गोष्ट त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितली. गर्दी "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ओरडते, तो गजर झाला की पुढचे काही सेकंद सगळा आवाज बसतो आणि हळूहळू वर येतो. "हे कॅमेऱ्यानंच असं भरलंय ताई, मोठा आवाज आला की त्यानं स्वतःचा कान झाकून घेतला, मी कितीबी केलं तरी हे जाणार नाही." कॅमेऱ्यात ऑटो लेव्हल असायची, त्याचा हा परिणाम. सॉफ्टवेअरमध्ये बसलेला भाग थोडा वर उचलता येतो, पण त्याबरोबर खरखर पण उचलली जाते. मी तसंच राहू द्या म्हटलं. कुठला दोष निघतो, कुठला निघत नाही हे आधी सांगणारा माणूस परवडतो.

ओठ आणि आवाज न जुळण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरी डाँगल आणून करणारे सगळे इथंच अडकतात. फाइल व्हीएलसीत उघडा आणि जे आणि के ही बटणं दाबून बघा, एकेका दाबण्याला आवाज ५० मिलिसेकंद मागेपुढे होतो. सुरुवातीला जुळवलं आणि शेवटपर्यंत जुळलेलं राहिलं, तर विषय संपला, तेवढंच सरकवून सेव्ह करा. सुरुवातीला जुळतंय पण पुढे एकसारखं वाढत वाढत जातंय, तर आवाजाचं घड्याळ आणि चित्राचं घड्याळ वेगळ्या चालीने चालतंय, शेवटी किती फरक पडला ते मोजून आवाज तेवढा ताणायचा किंवा आवळायचा, तासात दोन सेकंदाचा फरक म्हणजे ताणणं एक टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, कानाला कळत नाही. आणि तिसरा प्रकार, आमचा हाच होता, मधेच एका जागी धाडकन तुटतं, मग नीट, मग परत तुटतं. म्हणजे टेपवर जिथं चित्र फाटलंय किंवा दोन शूटिंगच्या मधे मुंग्या आहेत, तिथं डाँगलने फ्रेम गिळल्या. सेकंदाला २५ फ्रेम, एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, चित्राच्या फ्रेम गळाल्या आणि आवाज मात्र सगळाच्या सगळा भरला, की तेवढा आवाज मागे पडणारच.

ह्या तिसऱ्याला ताणून काही होत नाही, परत रेकॉर्ड करावं लागतं. अण्णा व्हीसीआर आणि डाँगलच्या मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडतात, त्यात डिस्क वगैरे काही घालत नाहीत, सिग्नल नुसता त्याच्यातून जातो आणि तो डगमगणारं चित्र एका चालीत आणून देतो. सगळेच रेकॉर्डर हे करत नाहीत, त्यांच्याकडचा करतो. शिवाय ते एका दमात तीन तास भरत नाहीत, मुंग्या आल्या की फाइल तोडतात आणि नवीन सुरू करतात, म्हणजे एकीकडची चूक पुढे वाहत नाही. वेळ का लागतो ते आता कळलं ना.

आवाजाचं सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात, ते पण बघून घ्या, व्हिडिओसाठी ४८,००० ठेवायचं. एकीकडे ४८,००० आणि दुसरीकडे ४४,१०० असा घोळ झाला तर सूरच बदलतो, काळी एकमध्ये मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठंतरी जाऊन पोचतात.

घरी करावं की दुकानात, असं काही जण विचारतील म्हणून. माझ्या भावाने ऑनलाइन स्वस्तातलं डाँगल मागवलं होतं, अशोक चौकाच्या बाजूला राहतो, आजूबाजूला यंत्रमाग. पहिली फाइल बघितली तर चित्रात लग्न आणि आवाजात खटाक खटाक माग, वर कुकरची शिट्टी! लॅपटॉपने डाँगल सोडून स्वतःचा माइक पकडला होता. डाँगल कॉम्प्युटरला दोन वेगळ्या वस्तू म्हणून दिसतं, चित्राची वेगळी आणि आवाजाची वेगळी, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजासाठी पण डाँगलच निवडावं लागतं. आणि तिथं निवडूनही शांतता असेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू करा, विंडोज डाँगलच्या आवाजाला माइकच समजतं. काही लोक आवाजाची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालतात, ते तर अजिबात नको, तिथं आवाज कितीतरी पट वाढवला जातो, फाटतो, आणि एकदा फाटलेला रेकॉर्ड झाला की कुठलंच सॉफ्टवेअर तो शिवत नाही. लेव्हल उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी ठेवायची, आवाज कमी वाटला तर नंतर वाढवता येतो.

खरखर काढायला नॉइज रिडक्शन आहे, ऑडासिटीत सुरुवातीचा नुसता सळसळीचा तुकडा निवडून त्याचा नमुना घ्यायचा आणि मग सगळ्यावर लावायचं. हात आखडता ठेवा मात्र. स्टुडिओवाल्याने हे पण केलं होतं आणि भसाभस केलं होतं, सगळे पाहुणे पाण्याखालून बोलल्यासारखे.

आता जाणाऱ्यांसाठी. फुनाई ही जपानी कंपनी २०१६ च्या जुलैपर्यंत व्हीसीआर बनवत होती, तिनेही बंद केलं, तेव्हापासून नवीन मशीन नाहीच, त्यामुळे चालू हाय-फाय मशीन ज्याच्याकडे आहे त्याचा भाव राहणार. देताना "हाय-फाय ट्रॅक आहे का बघा, असेल तर दोन्ही वेगळे द्या" एवढं आधी सांगा, नंतर सांगितलं तर परत पैसे पडतात. घरच्या मशीनवर लावून बघायची असेल तर कॅसेटच्या मागची प्लास्टिकची छोटी चीप मोडलेली आहे का बघा, शाबूत असेल तर चुकून रेकॉर्ड दाबलं की सगळं साफ. आमच्या सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटची टेप वाकते, आणि लिनिअर आवाज काठावर असल्यामुळे काठ दुमडला की चित्र ठीक राहून आवाजच आधी जातो. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर अजिबात चालवू नका, हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटला पण जाते, अण्णा अशा कॅसेट वेगळ्या ठेवतात आणि साफ करायचे वेगळे पैसे घेतात.

मिनी डीव्ही, म्हणजे कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल कॅसेट, ते करत नाहीत. पेनड्राइव्ह आपला न्यायचा, ६४ जीबीचा तरी. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, यूपीआय चालतं. गाडी बोळात घालू नका, टिळक चौकाकडे कुठंतरी लावून चालत या, आणि दुपारी दोन ते पाच शटर अर्धं खाली असतं, तेव्हा ते आत रेकॉर्डिंग करत असतात, वाजवलं तरी ऐकू येत नाही, हेडफोन असतो ना.